आप्पांच्या विमानाखालचं राज्य

हल्ली आमच्या पेपरच्या वृत्तसंपादकाचं नाव काढलं की मी का भडकतो, विचारता ना? मग ऐका.

निपाणीजवळच्या खेड्यात एक निवृत्त वैमानिक राहतात, आप्पा. लढाऊ विमान चालवताना त्यांना एकदा झगझगीत गोळा दिसला. बराच वेळ विमानाला चिकटून आला आणि सरळ वर निघून गेला. आप्पांनी प्रामाणिकपणे लेखी अहवाल दिला. वरिष्ठांनी त्यांना मानसोपचाराच्या डॉक्टरकडं पाठवलं आणि त्यांचं उड्डाण कायमचं बंद केलं. गावात तेव्हापासून ते 'येडा पायलट'.

"एकदा पेपरात खरं छापून येऊ दे रं, मग मी मरायला मोकळा," आप्पा माझा हात धरून म्हणाले.

बेळगावला येऊन मी बातमी लिहिली. वृत्तसंपादकानं पहिली ओळ वाचून विचारलं, "हे कर्नाटकात दिसलं का महाराष्ट्रात?"

"अरे, आकाशात दिसलं!"

"व्हय, पण खाली कुठला जिल्हा होता? बेळगाव असेल तर आपलं पान, कोल्हापूर असेल तर तिकडची आवृत्ती. हद्दीवरनं लफडं नको बाबा."

तासभर भांडलो. तो हटेना. शेवटी त्याच्यासमोरच आप्पांना फोन लावला आणि एवढी वर्षं बातमीदारी केलेल्या मी विचारलं, "आप्पा, तेव्हा तुमच्या खाली कुठलं राज्य होतं?"

आप्पा म्हणाले, "त्या डॉक्टरनं निदान काय दिसलं ते तरी इचारलं हुतं रं. ऱ्हाऊ दे. छापू नगंस."