डुक्कर हसत होतं

...नाही, पण मी म्हणतो, तेल जास्त निघावं म्हणून डुकरानं हसायलाच पाहिजे का? तुम्हाला सांगतो, आमच्या कोरियात, उल्सानच्या रिफायनरीत नवीन काही सुरू करायचं म्हणजे पूजा आलीच, ताटात डुकराचं मुंडकं आणि समोर आपण पालथे... तेही ठीक! पण आमचे नवे संचालक, प्योसाहेब! पहिलं मुंडकं परत पाठवलं! "ग्वाक फोरमन, हे रडकं आहे. हसरं आणा, हसरंच शुभ असतं!" आता मी, भट्टीपुढे केस पिकवलेला माणूस, बाजारात डुकरांची तोंडं न्याहाळत फिरतोय! आणलं एकदाचं. हसत होतं बरं का, दात काढून हसत होतं!

आणि हे सगळं कशासाठी? तर तळाला उरणारं ते डांबरासारखं तेल असतं ना, त्यातून पेट्रोल-डिझेल जास्त काढायचं. साहेब म्हणाले, "आच वाढवा!" म्हटलं, साहेब, फार आच दिली की तेल नाही, कोळसा वाढतो, भट्टीच्या नळ्या चोंदतील, आणि शनिवारी माझ्या आईची सत्तरी आहे हो, अख्ख्या गावाला तिनं सांगून ठेवलंय, थोरला येणार, सगळ्यांत आधी तोच पाया पडणार... "फोरमन, तुम्ही फार रडे! ते डुक्कर बघा, कसं हसतंय!"

अहो, चुलीतला जाळ मोठा केला म्हणून भात वाढतो का? खरवड वाढते! शेंबडं पोर सांगेल! पण साहेब पडले परदेशात शिकलेले... वाढवली आच. आणि पहिल्या दिवशी तेल खरंच वाढलं हो! साहेबांनी सोजू दारू पाजली, टेबलावर चढवून मला नाचवलं! आणि शुक्रवारी? नळ्या ठप्प! भट्टी बंद! रजा रद्द! मुंडकं तोवर आम्ही खाऊन संपवलं होतं, नाहीतर तेव्हाही हसलंच असतं मेलं!

शनिवारी मी कोळसा खरवडून काळाठिक्कर. फोनवर व्हिडिओ लावून तो समोर ठेवला, तिथंच लोटांगण घातलं. आई म्हणते, "हा कोण गं बाई? माझा थोरला, दुशिक कुठाय?" शेजारीण म्हणाली, "कोळसेवाला दिसतोय." मग आईनं ओळखलं. एवढंच म्हणाली, "जेवलास का रे?"

आणि साहेब? वरून विचारणा झाली तर म्हणतात कसे, "मुंडकं फोरमननं निवडलं होतं!"

सोमवारी भट्टी पुन्हा पेटवायची, म्हणून पुन्हा पूजा. नवं मुंडकं, साहेबांनी स्वतः निवडलेलं. फोटोला सगळे रांगेत, मी ताटाशेजारी. "ग्वाक फोरमन, अहो, हसा की जरा!"

हसलो! करता काय... एकदा मुंडकं ताटात गेलं, की हसावंच लागतं!