बॉनेटवरचं कुंकू

मंडळी, नीट बसा. मागचे पुढे या, इथं कोणी खात नाही! आज एकच प्रश्न विचारतो, उत्तराची घाई करू नका. जुनी वस्तू घासली की चमकते — बरोबर? मग ती चमक येते कुठून? पॉलिशच्या डबीतून? अहो, डबीतून येत असती तर मी रोज तोंडाला लावली नसती का!

हसलात. हसून घ्या, पुढं हसायला मिळायचं नाही.

आमच्या गल्लीत वामनराव दिघे राहतात. पोस्टातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. दारात मलईच्या रंगाची जुनी मोटार. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई दर दसऱ्याला त्या गाडीची पूजा करायच्या, ओल्या बोटानं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायच्या. आपणही काढतोच की! दुसऱ्या दिवशी गाडी धुतो आणि विसरून जातो.

शेवटच्या दसऱ्याला ताईंना अंथरुणातून उठवत नव्हतं. तरी म्हणाल्या, मला दाराशी न्या. वामनरावांनी खांद्याला धरून नेलं. बोट थरथरत होतं. स्वस्तिक वाकडं झालं, त्याचा एक पाय लांबच लांब गेला. ताई हसल्या, पुढच्या वर्षी नीट काढीन म्हणाल्या. कुठलं पुढचं वर्ष! दिवाळीच्या आत गेल्या बिचाऱ्या.

वामनरावांनी ते स्वस्तिक धुतलं नाही. गाडीवर पत्र्याचं छप्पर घातलं, पावसात ती बाहेर काढली नाही. कुंकू झडलं, पण त्याचा गुलाबी डाग रंगात मुरला. चार वर्षं! लेक मृणाल रोज कामावर निघताना त्या डागावर तळहात टेकवायची. आईला सांगून निघायची, दुसरं काय!

मग मृणालचं लग्न ठरलं. पाठवणी ह्याच गाडीतून व्हावी, ही ताईंची इच्छा. पण गाडी पार निस्तेज झालेली, हात फिरवला की बोटाला पांढरी भुकटी. वामनरावांनी इस्माईल मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्री म्हणाले, नवा रंग नको, हलकं पॉलिश करा. मऊ फडकं घ्या, जोर लावू नका. पॉलिश काही चढवत नाही, वरचा मेलेला थर काढतं, मग खालचा रंग दिसतो. आणि बॉनेटकडे बोट करून म्हणाले, "साहेब, इथं मात्र हात लावू नका. वहिनींची खूण त्या मेलेल्या थरातच आहे."

ऐकलंत ना? सांगितलं होतं त्यांना!

आठ दिवस वामनराव घासत होते. दरवाजे झाले, टप झाला, डिकी झाली. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. डागाभोवती मात्र वीतभर जागा तशीच मळकी सोडलेली.

लग्नाच्या सकाळी गल्लीतला एक गृहस्थ तिथं आला. प्रत्येक गल्लीत असतो असा एक, न विचारता बोलणारा! म्हणाला, "वामनराव, सगळ्या गाडीचा आरसा केलात आणि तोंडावर हा डाग? व्याही काय म्हणतील?" बोलला आणि चहा प्यायला निघून गेला. त्याचं काय जातंय!

वामनरावांना वाटलं, डागाला नको, नुसत्या कडा उजळू. हलक्या हातानं एकच फेरी. फडकं उचललं तर बॉनेट स्वच्छ! फडक्यावर जराशी गुलाबी छटा. ते हातात धरून म्हातारा तिथंच खाली बसला.

संध्याकाळी पाठवणी. मृणालनं सवयीनं बॉनेटवर तळहात टेकवला. मग थोडा बाजूला सरकवला. मग आणखी थोडा. त्या चकचकीत पत्र्यात तिला स्वतःचंच तोंड दिसत होतं हो!

"बाबा, आई कुठंय?"

वामनरावांनी खिशातलं फडकं काढून दाखवलं. आत्यानं लगबगीनं कुंकू आणलं, छान सरळ स्वस्तिक काढलं. मृणालनं त्याला हात लावला नाही, मागं जाऊन बसली. लेकीच्या सासरपर्यंत वामनरावांनीच गाडी चालवली, आणि सबंध वाट समोर ते सरळ स्वस्तिक.

तर चमक येते कुठून? काहीतरी निघून जातं, तेव्हा येते. आणि गेलेलं परत चढवायचं पॉलिश कुठल्या दुकानात मिळत नाही.

आता, तो बोलणारा गृहस्थ कोण? इकडंतिकडं बघू नका. मीच तो. उपरणं घेऊन तुमच्यापुढं उभा आहे. क्षमा मागायला तीनदा गेलो. वामनराव चहा देतात, म्हणतात, "तुमचं काय चुकलं, हात माझा होता." त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. देव क्षमा करतो, असं कीर्तनकारानं सांगायचं असतं. आज माझ्यानं ते सांगवत नाही.

तुम्ही घरी जाल. वाटेत कोणाच्या दारात काहीतरी मळकं दिसेल, तुमची जीभ वळवळेल. तेव्हा आधी विचारा, ही खूण कोणाची? विचारवत नसेल तर गप्प राहा. आज गजर नको, टाळ खाली ठेवा. तुमच्या एका शब्दानं कोणाच्या घरातलं काय पुसलं गेलं, ते आठवा, आणि आठवलं की उठा.