डावीकडची हवा

(शिवडी. गोदामांमागचा मोटारशर्यतीचा ट्रॅक, दुपार. मेकॅनिक टेरेन्स आणि ड्रायव्हर मनवाचे वडील, अप्पा.)

टेरेन्स : बाकीचं राहू द्या, अंकल. डाव्या चाकांत हवा कोणी भरली?

अप्पा : मीच. दोन्ही चाकं बसली होती रे. तू सही करायला गेलास, पंप तिथेच होता. काटा बघून चारही चाकांत बत्तीस केली. मनवाच्या गाडीसाठी कधी काही केलं नव्हतं मी.

टेरेन्स : बसली नव्हती, मी बसवली होती. डावीकडे अठरा, उजवीकडे बत्तीस. हा ट्रॅक लांबट गोल. गाडी पूर्ण वेळ डावीकडेच वळते. डावीकडे हवा जास्त झाली की वळत नाही, सरळ बाहेरच्या भिंतीकडे जाते.

अप्पा : म्हणजे ती घाबरली नव्हती?

टेरेन्स : सकाळी प्रॅक्टिसला चौथी होती, मॅन. क्वालिफाइंगला बावीसमध्ये सतरावी. तिच्या मागे राहिले ते बंद पडलेले. उद्याच्या रेसला दहाच घेतात. भिंत अंगावर आली म्हणून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला तिने, नाहीतर आत्ता हॉस्पिटलात असतो आपण.

अप्पा : हितेंद्र काही बोलला?

टेरेन्स : गाडी त्याची, तोंडही त्याचं. सगळ्यांसमोर बोलला, पोरगी वळणाला घाबरते, पुढच्या महिन्यापासून दुसरा ड्रायव्हर बघतो. मलाही तेच वाटलं, चाकं बघेपर्यंत. चूक माझी पण आहे. निघण्याआधी काटा लावायला पाहिजे होता. तुम्ही बॉनेटवर हात ठेवून उभे होता, वाटलं राखण आहे.

अप्पा : तिला सांगितलंस?

टेरेन्स : ते तुमचं काम. हितेंद्रला पण तुम्हीच सांगा. आत्ता सांगितलं तर गाडी तिच्याकडेच राहील.

अप्पा : एवढ्या लोकांत? छत्तीस वर्षांत माझ्या एका फाइलीवर कधी शेरा आला नाही रे.

टेरेन्स : म्हणून तिच्यावर येऊ दे? दोन वर्षं तुम्हीच तिला रेसिंग बंद कर, बंद कर म्हणत होता. आता फुकटात होतंय.

अप्पा : असं नको होतं मला.

टेरेन्स : मग बोला. ती बघा, आली.

मनवा : टेरेन्स, हेल्मेट हितेंद्रच्या टेबलावर ठेवून आले. विचारत होता, गाडीत काही बिघाड होता का. मी म्हटलं, छे, टेरेन्सने बनवलेली गाडी आहे. मीच घाबरले.

टेरेन्स : अंकल.

अप्पा : मनवा, ते चाकांचं...

मनवा : समजूत नका घालू, अप्पा. आज पहिल्यांदा बघायला आलात, तेवढं बास. सोमवारपासून नुसतं ऑफिस. तुम्ही म्हणत होता तसं.

टेरेन्स : बोला ना, अंकल.

अप्पा : केस किती ओले झालेत तुझे. चल, टॅक्सी बघतो.