पाठ म्हटल्यावर वळायचं

धाकटी : साडेअकरा मिलिमीटर.

दादा : काय साडेअकरा?

धाकटी : या गळाचं तोंड. पाकिटातला कोरा गळ मोजला, तो सात भरला. हा साडेअकरा. म्हणजे साडेचार मिलिमीटर उघडलाय. आणि तो ज्याला लावलाय त्या आमिषाच्या लाकडी माशाच्या नाकावरचा लाल रंग एकाच बाजूनं खरवडलाय.

दादा : सुट्टीच्या दिवशीसुद्धा प्रयोगशाळा काखेत मारून फिरतेस का गं तू? ठेव तो कॅलिपर खाली. माझा आहे.

धाकटी : बाबांचा आहे.

दादा : बाबांचा म्हणजे माझाच. गळांचं दुकान मी चालवतो. आणि दांडगा मासा लागला की गळ उघडतो. नळाच्या पाण्याचे नमुने तपासणाऱ्यांना हे माहीत नसणार.

धाकटी : काल लागला होता मासा?

दादा : काल नसेल, आधी कधीतरी लागला असेल.

धाकटी : हा लाकडी मासा मी गुरुवारी रंगवला, दादा. शुक्रवारी वाळत होता. काल सकाळी पहिल्यांदा पाण्यात गेला.

दादा : मग खडकात अडकला असेल! रोज दहा अडकतात. नदीच्या तळाला काय गाद्या घातल्यात?

धाकटी : अडकला ते दिसतंय मला. तू तो सोडवलास कसा, ते विचारतेय.

दादा : दोरी सैल सोडली, हलवली, सुटला. सोडवतात तसा सोडवला.

धाकटी : सैल दोरीनं गळ उघडत नाही. तू खेचलास. गळाची काठी कमानीसारखी वाकवून, सरळ स्वतःकडे. त्यात जाड नायलॉनची दोरी, ती रबरासारखी ताणते. गळ उघडला, मासा सुटला आणि दगडासारखा उलटा आला. पोटात शिसं भरलंय त्याच्या. मीच भरलंय, चौदा ग्रॅम.

दादा : झालं तुझं?

धाकटी : नाही. काल तो ज्या मुलीच्या गालावर बसला, तिला पाच टाके पडलेत. टाक्यांचं वरचं टोक डोळ्यापासून नऊ मिलिमीटरवर आहे. मी सकाळी दवाखान्यात जाऊन आले.

दादा : मोज! सगळं मोज! मी किती तास जागा होतो तेही मोज एकदा. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही माझा.

धाकटी : जागा होतास म्हणून हे लिहून काढलंस का? "मुलीस धोक्याची सूचना स्पष्ट शब्दांत व मोठ्या आवाजात देण्यात आली होती. तरीही तिने सूचनेप्रमाणे वर्तन केले नाही." वर्तन! असले शब्द कुठून आणलेस? आणि खाली साक्षीदार म्हणून माझ्या सहीला जागा.

दादा : तू धक्क्यावर उभी होतीस. दहा पावलांवर. दुसरं होतं कोण? तिचा बाप फोनमध्ये मुंडी घालून बसला होता. साडेतीनला नदी कार्यालयाचा माणूस जबाब घ्यायला येईल. तू सही केलीस की विषय मिटला. नाही केलीस तर खडकांवर माणसं नेण्याचा परवाना गेला. मग बसू लाकडी मासे रंगवत, तू आणि मी, समोरासमोर.

धाकटी : परवान्याचं मला कळतं. पण अकरा वर्षांच्या मुलीवर ढकलून मोकळा होतोयस, ते मला कळत नाही.

दादा : ढकलून? मी "पाठ" म्हणालो होतो! घसा फाटेस्तोवर ओरडून म्हणालो!

धाकटी : म्हणालास. मी ऐकलं.

दादा : मग झालं की! तेवढंच लिहिलंय. कर सही.

धाकटी : त्यावर ती काय म्हणाली, तेही मी ऐकलं.

दादा : काय म्हणाली?

धाकटी : "कोणता?"

दादा : कोणता काय?

धाकटी : कोणता पाठ. शाळेतली मुलगी आहे ती. पाठ म्हटल्यावर तिला पुस्तकातला धडा आठवला. तू ओरडलास तेव्हा ती वाकून पाण्यातले गोटे बघत होती. पाठच होती तिची तुझ्याकडे. तू काहीतरी विचारतोयस असं वाटून तिनं तोंड वळवलं. तुझा शब्द ऐकला म्हणून वळवलं, दादा. ऐकला नसता तर मासा तिच्या पाठीवरच्या दप्तरावर आपटला असता.

दादा : उगाच काहीतरी.

धाकटी : आज सकाळी मला तिनंच विचारलं. "ताई, ते काका कोणता पाठ म्हणत होते?" टाके घातलेल्या तोंडानं विचारलं. काय सांगायला हवं होतं मी?

दादा : हे बघ, बाबांच्या वेळेपासून हाच शब्द आहे. चाळीस वर्षं! अडकलेला मासा ओढायच्या आधी "पाठ" म्हणायचं, ऐकणाऱ्यानं पाठ फिरवायची. आपण दोघं रांगता रांगता शिकलोय हे.

धाकटी : आपण शिकलो. फोटोवाल्यासमोर बाबा मुद्दाम "पाठ" म्हणाले होते, तर आई धरून सगळे गर्रकन वळलो. अख्ख्या कुटुंबाचा पाठमोरा फोटो लावलाय भिंतीवर. तो आपल्या घरातला शब्द आहे. बाहेरच्या माणसाला तो आधी समजावून सांगावा लागतो. बाबा खडकावर पाऊल टाकण्याआधी प्रत्येकाला तीनदा वळायला लावायचे. काल तू एकदा तरी लावलंस?

दादा : काल सात माणसं होती सकाळपासून. प्रत्येकाची कवायत घेत बसू?

धाकटी : हो.

दादा : "हो" म्हणे! तू ये ना एक दिवस. दोन तास उन्हात उभी राहा, एकाची दोरी गुंतलीय, दुसऱ्याला लघवीला जायचंय, तिसरा विचारतोय मासे कुठायत. मग बघतो तुझी शिस्त.

धाकटी : पलीकडच्या खडकावर गेला असतास तर मासा दोन मिनिटांत सुटला असता. ज्या वाटेनं फटीत जातो त्याच वाटेनं मागे येतो. नाहीतर रिकामी बाटली दोरीत अडकवून प्रवाहात सोडायची. ती पुढे वाहत जाते, आणि पाणीच माशाला पलीकडून ओढतं. गेल्या रविवारी मी अकरा काढले असे. एकही गळ वाकला नाही.

दादा : थांब. तू खडकांवर जातेस?

धाकटी : बाबा दुपारचे पडले की.

दादा : वेड लागलंय का तुला? बाबांना कळलं तर घर डोक्यावर घेतील! एका डोळ्यानं त्या शेवाळावर...

धाकटी : हं. एका डोळ्यानं. बरं झालं, विषय तूच काढलास.

दादा : मी कसलाही विषय काढलेला नाही.

धाकटी : काल तू "पाठ" म्हणालास. तुझा मासा माझ्या डोळ्यावर आला, त्या दिवशी म्हणाला नव्हतास.

दादा : हळू बोल. बाबा आत आहेत.

धाकटी : बावीस वर्षं हळूच बोलतेय.

दादा : मी चौदा वर्षांचा होतो!

धाकटी : मी नऊ. दवाखान्याच्या बाकावर माझा हात धरून कोण रडत होतं? "छोटे, मी पाठ म्हणालो होतो असं सांग. नाहीतर बाबा मला जन्मात काठी देणार नाहीत." मला वाटलं, दादाला काठी मिळाली नाही तर दादा मरेल. खरंच वाटलं. म्हणून सांगितलं.

दादा : मग मोठी झाल्यावर का नाही बोललीस? मी तुझ्या तोंडाला कुलूप लावलं होतं?

धाकटी : नाही. कॉलेजच्या प्रवेशाला पहाटेपासून माझ्यासाठी रांगेत उभा राहिलास. पहिला चष्मा स्वतःच्या मनानं आणलास, काच जाड पडली म्हणून दुकानदाराशी भांडलास. चांगला वागत राहिलास तू. ते कशापायी आहे हे मला कळत होतं. दर वेळी वाटायचं, आता बोलले तर ते सगळं परत केल्यासारखं होईल.

दादा : परत कशाला करतेस? फेक तोंडावर!

धाकटी : ओरडू नकोस. काठी तुला मिळाली. मला काय मिळालं? बाबांनी मला पुन्हा नदीवर नेलं नाही. का? तर ही सांगितलेलं ऐकत नाही. आणि दर हंगामात नवीन गिऱ्हाईक आलं की मला हाक मारतात. चष्मा काढायला लावतात. "बघा, पाठ म्हटल्यावर वळली नाही, त्याचं हे." तू शेजारी उभा असतोस, दादा. दोऱ्या गुंडाळत.

दादा : जुनं कशाला उकरतेस?

धाकटी : आता काल ती मुलगी. तिच्यावरही तेच लिहिलंस. शब्द तेवढे भारी वापरलेस.

दादा : मला काय हौस आहे का? कुणाला लागावं म्हणून खेचतो मी? घाई होते! चूक होते माणसाच्या हातून!

धाकटी : चूक तुझ्या हातून होते. नाव मुलींचं लागतं.

बाबा : काय आरडाओरडा चाललाय? माझ्या खोलीपर्यंत ऐकू येतंय. गिऱ्हाईक दारातून पळून जाईल.

दादा : काही नाही, बाबा. तुम्ही कशाला उठलात? गुडघा दुखतोय ना?

बाबा : गुडघ्याला काय, तो बसलो तरी दुखतो. साडेतीन वाजत आले. सही केली का हिनं?

दादा : करतेय.

धाकटी : नाही करत.

बाबा : का? आणि हा गळ कुणी वाकवला? इकडे दे बघू. सरळ खेचलाय हा. कुणी खेचला रे गाढवासारखा?

दादा : बाबा, काल जरा घाई...

बाबा : घाई! चाळीस वर्षं सांगतोय, अडकलेल्या माशाशी भांडायचं नाही, त्याच्या मागच्या बाजूला जायचं. हात आहेत का फावडी?

धाकटी : हेच मी सांगत होते.

बाबा : तू मध्ये बोलू नकोस. ते त्याला मी नंतर बघून घेईन. खेचला ते चुकलंच. पण "पाठ" म्हणाला होता ना?

दादा : हो, बाबा.

बाबा : मग त्या पोरीची चूक. शब्द ऐकला की वळायचं. खोटं काय आहे यात? कर सही. तुला तर कळायला हवं सगळ्यांच्या आधी. त्या दिवशी वळली असतीस तर आज दोन्ही डोळ्यांनी बघत असतीस. त्या साहेबालाही मी सांगणार आहे, आमच्या घरातलंच उदाहरण आहे म्हणून. चष्मा काढून दाखव त्याला.

धाकटी : काय सांगणार आहात त्यांना?

बाबा : घडलं ते.

धाकटी : घडलं ते तुम्हाला माहीत नाही.

दादा : छोटे...

बाबा : म्हणजे काय?

दादा : काही नाही, बाबा, डोकं फिरलंय तिचं. छोटे, ऐक ना. तो माणूस जाऊ दे. रात्री बसू, तू, मी, बाबा. मी स्वतः बोलेन. शप्पथ.

धाकटी : दवाखान्यातसुद्धा शप्पथच म्हणाला होतास. मोठा झालो की मीच सांगेन.

बाबा : काय सांगणार होता हा? अरे, मला कुणी काही सांगेल का?

(दारावरची घंटा वाजते.)

दादा : आले ते.

बाबा : मी उघडतो. तुम्ही दोघं आधी तोंडं नीट करा.

धाकटी : तुम्ही बसा, बाबा. त्या स्टुलावर नको, खुर्चीवर बसा. तुम्हालाही ऐकायचंय. दार मी उघडते.

दादा : हा कागद कुठे नेतेयस?

धाकटी : कुठेच नाही. इथेच ठेवतेय, त्या गळाखाली. सही नाही त्यावर.

दादा : काय सांगणार आहेस त्यांना?

धाकटी : दोन्ही. काल त्या मुलीचं काय झालं, आणि बावीस वर्षांपूर्वी माझं काय झालं.

दादा : बाबांसमोर? छोटे, मला निदान तयार व्हायला तरी वेळ दे.

धाकटी : तू मला दिला नव्हतास. मी एका शब्दाएवढा देतेय. पाठ, दादा.