मॅनेजरसाहेबांचं पत्र

दातांच्या दवाखान्यात एक बसड्रायव्हर गाल धरून नंबरची वाट बघत बसला होता. शेजारच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

"ताई, घोळ झालाय. समाजशास्त्राच्या पीएचडीच्या फॉर्मवर शिफारसपत्रासाठी मी आमच्या मॅनेजरसाहेबांचं नाव दिलं."

"मग? बरंच केलंस की."

"अगं, मी पडले केमिकल इंजिनीअर. समाजशास्त्रातलं कुत्रंही मला ओळखत नाही, म्हणून दिलं. पण विद्यापीठाकडून त्यांना पत्र भरायच्या लिंकसोबत माझा संशोधनाचा आराखडाही गेलाय. आपोआप."

"त्यात काय लपवायचंय एवढं?"

"आमच्या कारखान्यात ॲसिडनं भाजलेले अकरा जण तक्रार का करत नाहीत, ते लिहिलंय."

"अगं बये! दुसरा विषय नाही मिळाला?"

"मला तेवढंच माहितीये."

"खोटं काही घातलंयस त्यात?"

"एक अक्षर नाही."

"मग तर नोकरी गेलीच म्हणून समज."

तेवढ्यात धाकटीचा फोन वाजला.

"ताई, साहेबांचाच मेसेज. तू वाच, मला नाही जमत."

"आण इकडे. 'अकरा नाही, चौदा. आकडा दुरुस्त कर. आणि पत्रासाठी दुसरं कोणीतरी बघ. मलाही संसार आहे.'"

आतून ड्रायव्हरचं नाव पुकारलं. तो उठलाच नाही.

"आज संध्याकाळी मुदत संपतेय ना गं? आता पत्र कोण देणार तुला?"

"ताई, ते उरलेले तिघं कोण असतील?"