सीतेच्या वेणीचा पत्ता

नाही, तो स्कार्फ नाही विकायचा. बाकी कुठलाही घ्या — हा पांगाऱ्याचा, हा बघा, दासगावच्या खाडीत ओहोटी लागली की चिखलावर खेकडे नक्षी करून ठेवतात ना, ती — सगळे हाताने रंगवलेले, शुद्ध रेशीम, एकासारखा दुसरा नाही. तो खुंटीवरचा तेवढा राहू द्या. बसा ना ताई, गड उतरून आलात, पाय थरथरतायत तुमचे. पाणी घ्या. नाही हो, किमतीचं नाही. दुप्पट दिलेत तरी नाही.

हो, फूलच आहे ते, सीतेची वेणी. झाडावर वाढतं, मेच्या शेवटी गुलाबी-पांढरे घोस लोंबतात, खरंच कुणी वेणी माळून ठेवल्यासारखे. हे आंबेखोलचं — पोलादपूरच्या वर वाडी आहे, माझ्या आईची मावशी राहते तिथे, गोदूबाई. तिनेच नेलं मला देवराईत. चपला बाहेर काढायला लावल्या. तिथलं वाळलेलं पानही उचलत नाहीत, चुलीला काटकी नसली तरी नाही. मी वही काढली तर म्हणाली, "हात लावू नको गो पोरी. डोळ्यांनी घे काय घ्यायचं ते." तीन दिवस डोळ्यांनी घेतलं. मग इथे रेशीम चौकटीवर ताणलं, मेणाने रेघ ओढली, रंग भरला. असे सहा केले, हा सातवा. सहाच्या सहा गेले. लोक वेडे झाले नुसते!

इथपर्यंत ठीक होतं — नाही का? आता तुमच्या हातातल्या स्कार्फची पाठ बघा. चिठ्ठी दिसते? नुसतं 'पांगारा'. आधी तसं नव्हतं. आधी मी सगळं लिहायचे. कॉलेजात सरांशी भांडले होते मी यावरून — तुम्ही चित्रकार लोक गावातून नक्षी उचलता, फूल उचलता आणि खाली स्वतःची सही ठोकता, गावाचं नाव कुठंय? आपण प्रामाणिक राहायचं, कुठलं ते लिहायचं. म्हणून लिहिलं. माझ्या सुंदर अक्षरात — आंबेखोल, तालुका पोलादपूर, शाळेमागची पायवाट, देवराई, डावीकडचा तिसरा ऐन. झाड कितवं तेसुद्धा! केवढा अभिमान वाटला होता मला त्या चिठ्ठीचा.

बरोबर. तेच झालं. त्या सहांतली एक चिठ्ठी कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली, देव जाणे. गेल्या महिन्यात दोघं जण आले, गोणी घेऊन. सुरीने सालीसकट खरवडून नेली सगळी फुलं, विकायला. गोदूमावशी सकाळी गेली तर ऐनाचं अंग पांढरंफटक, खाली दोन घोस चिरडलेले.

नाही, पोलीस नाही. वाडीत आधी देवळापुढे बसतात. ज्याच्या हातून झालं त्याने उभं राहायचं, नारळ ठेवायचा आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं — मी केलं. बस्स. मग जाणते देवाला गाऱ्हाणं घालतात, विषय संपतो. दंड नाही, मार नाही. बोलायचं फक्त. किती सोपं आहे, नाही?

मी तिथेच होते हो. मावशीला चिकटून बसले होते.

त्या दोघांना वर आणलं धम्मपालने — खालच्या बौद्धवाडीतला, मिनीडोअर चालवतो, माझी पार्सलंही तोच पोचवतो. 'झाडं बघायची आहेत' म्हणाले, याने शाळेपाशी सोडलं, भाडं घेतलं, परत फिरला. यात त्याचं काय चुकलं? पण कोंडाजीकाका — वाडीचे जाणते — म्हणाले, "आपल्यातला कोन देवाच्या राईची वाट दावनार नाय. खालच्यानीच दावली." आपल्यातला! माना डोलल्या. धम्मपाल पायरीच्या खाली उभा. म्हणाला, "काका, त्यांच्याजवल लिवलेलं व्हतं." "कुनी लिवलेलं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. चिठ्ठी त्याला दाखवली असणार त्यांनी, आणि माझं अक्षर रोज पार्सलांवर वाचतो तो. मी वाट बघत होते, आता घेईल नाव — आणि ताई, खरं सांगू, घेतलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ठाऊक नाय."

का नाही सांगितलं? मी विचारलंच नाही त्याला. विचारायला तोंड कुठंय? मी कोण माहितीये — दर मार्चला चवदार तळ्यावर लोक येतात, तेव्हा उन्हात उभी राहून पाणी वाटणारी. कॉलेजपासून, एक वर्ष चुकवलं नाही. फोटो आहेत माझे. आणि त्या पायरीसमोर मला साधं उठता आलं नाही. म्हटलं, मावशीचं काय होईल, तिनेच नेलं होतं मला आत. खोटं. मावशीचं काही झालं नसतं. मला भीती वाटली, माझ्याकडे तसं बघतील. धम्मपालकडे बघत होते ना, तसं.

अकरा दिवस झाले, वरचं कुणी त्याच्या गाडीत बसत नाही. पोरंसुद्धा चढ चालत येतात, पण बसत नाहीत. परवा त्याचा फोन — "अनुताई, पार्सल हाय काय? गाडी मोकलीच हाय." एवढंच. मी नाही म्हटलं. पार्सल होतं, तरी नाही म्हटलं.

आज चार वाजता परत बसणार आहेत. त्याला बोलावलंय, मला नाही. मला कशाला बोलावतील? आणि मी सकाळपासून दुकान उघडून बसलेय, येईल त्याला खाडी दाखवतेय, पांगारा दाखवतेय, आणि तुम्हाला ही सगळी — तुम्ही अनोळखी, म्हणून सोपं जातंय, बाकी काही नाही.

नको, थँक्यू. तुमच्या गाडीतून नको. एसीत बसून वर जायचं आणि पायरीपाशी उतरायचं — नको. थांबा जरा.

हॅलो, धम्मपाल? अनुपमा. हो... नाही, पार्सल नाही. मीच आहे. आंबेखोलला, वरपर्यंत, देवळाच्या दारात... माहितीये सगळे बघतील. पुढच्या सीटवर बसणार आहे मी. इथे नाते गावात, दुकानापाशी यायला किती वेळ लागेल तुम्हाला?... वाटेत एक नारळ घ्यायचाय.

तो खुंटीवरचा द्या इकडे. हो, याच्या चिठ्ठीवर अजून सगळं आहे, तिसऱ्या ऐनासकट. तोंड उघडलं नाही तर निदान हा तरी पुढे करता येईल.

उठा आता, ताई. काही घ्यायचं राहिलं असेल तर परत कधी. शटर ओढायचंय मला.