जिथं अडलीस ते पान

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही चौसाळ्याच्या बसथांब्यावर बसला आहात. शेजारी नववीतली रोहिणी आणि तिची आत्या चतुराबाई बोलत आहेत.

"आत्या, माझी लई मोठी चूक झालती. कॉम्प्युटरवर हुकूम टाइप करून पत्रं पाठवायचा एक फुकट प्रोग्राम हाय. जगभरची माणसं मिळून तो बनवतात. मी त्यांच्या गटात नवी."

"मग?"

"तो प्रोग्राम कसा वापरायचा, त्या माहितीचं त्यांचं पान मला कळंना. 'हे आमच्या शेळ्यांनाबी कळायचं न्हाई,' असं शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना इंग्रजीत लिहिलं. ते चुकून सगळ्या गटाला गेलं!"

"अगं बया! हाकललं का तुला?"

"मला तसंच वाटलं. रडतच उत्तर उघडलं. गटातल्या एका बाईनं लिहिलं होतं, 'शेळ्यांचं बरोबर हाय. पान आमीच अवघड लिहिलंय. आमच्यात रीत हाय, जो जिथं अडतो त्यानंच ते पान पुढच्या नव्या माणसासाठी सोपं करायचं. आमी मदत करूत.' मग तासभर तिनं मला एकेक पायरी समजावली."

"परक्या लेकरासाठी एवढा वेळ? देव तिचं भलं करो! मग लिहिलंस का पान?"

"अजून न्हाई. मला जमंल?"

"कावून न्हाई जमणार? अडलीस तू, तर कुठं अडतं ते तुलाच ठावं."

रोहिणीने वही काढली, पानाची पहिली ओळ आधी मराठीत लिहिली आणि आत्याला वाचून दाखवली.

"कळलं?"

"न्हाई गं."

रोहिणीने ती ओळ खोडली आणि दुसरी लिहायला घेतली.